पाटाची वही

१

बुधवारी सकाळी सव्वाआठला मी दप्तरखान्यातलं सात नंबरचं कपाट उघडलं. क्यारेनीच्या पाटाची वही जिथं असायला हवी होती, तिथं एक हिरवं पान ठेवलेलं होतं.

वही नव्हती.

हातभर लांब, दोन बोटं रुंद पान. मधोमध एक सैल गाठ मारलेली.

"आता हा कचरा कुणी टाकला इथं?" मागून मकामे करवादला. मकामे आमचा दप्तरवाला. पेंबा बेटावरचा माणूस, आमच्या डोंगरावर वीस वर्षं काढली तरी अजून भर उन्हात स्वेटर घालतो. त्यानं पान फेकायला हात पुढं केला. त्याच्याआधी मी ते उचललं आणि पिशवीत घातलं.

"पुरावा आहे," मी म्हणाले.

त्या एका हालचालीनं मी स्वतःला केवढं अडकवून घेतलं, ते मला नंतर कळलं.

मी हायकाएली क्वेका. प्राथमिक न्यायालयात तेवीस वर्षं न्यायाधीश होते. निवृत्त झाले आणि मोशी शहराच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या या विद्यापीठानं मला तक्रार अधिकारी नेमलं. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठानं मोठ्या थाटात एका प्रतिज्ञेवर सही केली होती, की आम्ही माणसांचे हक्क जपू आणि निसर्गही जपू. सही केली म्हटल्यावर तक्रार ऐकायला कुणीतरी बसवणं भाग होतं. मला खोली मिळाली ती स्वच्छतागृहाला लागून. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर पाण्याच्या टाकीची भिंत.

दोन वर्षांत खरी म्हणावी अशी तक्रार एकच आली. विद्यापीठाच्या खाली क्यारेनी नावाचं गाव आहे. त्यांच्या पणजोबांनी डोंगरातून पाट खणून आणला, आणि घराघराला पाण्याची पाळी लावून दिली. विद्यापीठानं वरच्या उतारावर चाळीस हजार झाडं लावली आणि त्या पाटावर एक लोखंडी फाटक बसवलं. फाटक बंद केलं की पाणी झाडांकडं वळायचं, गाव कोरडं. विद्यापीठ म्हणायचं, गावाच्या पाळीच्या दिवशी आम्ही थेंब घेत नाही. बायका म्हणायच्या, घेता.

भूगोल शिकवणारी एक तरुण बाई, न्देओनान्सिया म्लाय, कोरड्या हंगामात शहाण्णव दिवस पाटाच्या काठावर बसली. खुणा केलेल्या काठीनं पाणी मोजायचं, वहीत मांडायचं, आणि संध्याकाळी गावातल्या दोन वडीलधाऱ्यांचे अंगठे घ्यायचे. बायकांचं म्हणणं खरं होतं, ते त्या वहीत दिवसवार लिहिलेलं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी होती. आमचा नियम असा, की मूळ कागद समोर आला नाही तर तक्रार त्याच दिवशी बंद, आणि दोन वर्षं पुन्हा करता येत नाही. फालतू तक्रारी येऊ नयेत म्हणून हा नियम मीच लिहिला होता. सुनावणीआधी वही एकदा स्वतः वाचून काढावी असं सोमवारी चहा पिता पिता मनात आलं, म्हणून बुधवारी सकाळी मी कपाटापाशी गेले होते.

खोलीवर परत आले तर दाराशी मांका आजी बसलेली. क्यारेनीची. सत्तरीची बाई, अंगाभोवती रंगीत कापडाचा कांगा गुंडाळलेला, आणि मांडीवर पाण्याचा रिकामा पिवळा कॅन, दोन्ही हातांनी धरलेला. नदीवर जाता जाता रोज इथं टेकायची. इथून नदी दीड तासावर.

"शुक्रवारी होईल ना गं बाई?" तिनं विचारलं.

"होईल," मी म्हणाले. तेवीस वर्षं न्याय केला, पण इतकं निर्लज्ज खोटं कधी बोलले नव्हते.

२

कुलगुरूंनी मला बसा म्हटलं नाही.

"चोर उघड आहे," ते म्हणाले. "ती म्लाय. वही पळवली, आता वर्तमानपत्राला देणार. शुक्रवारी बाहेरून समिती येतेय, हरित विद्यापीठाचा शिक्का द्यायला. त्याच दिवशी बरोबर हा गोंधळ? तुम्ही तसा अहवाल लिहून द्या."

"शोधते आणि लिहिते," मी म्हणाले.

"शुक्रवारी दहाच्या आत. नाहीतर ती निलंबित. आणि तुमचं कंत्राटही याच महिन्यात संपतंय, नाही का?"

कोपऱ्यात सुरक्षाप्रमुख मसांजा कंबरेवर हात ठेवून अवघडून उभा होता. सुकुमा माणूस, पश्चिमेकडच्या सपाट मुलखातला, दाराएवढा. बाहेर पडल्यावर मी त्याला गाठलं.

"दप्तरखान्याला दार एकच, खिडक्यांना गज," तो म्हणाला. "प्रोजेक्टर चोरीला गेल्यापासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी मी स्वतः उघडून बघतो. आणि ती वही म्हणजे बसायच्या पाटाएवढी, पानंसुद्धा पुठ्ठ्याची. खिशात मावणारी नाही."

"मंगळवारी कपाट उघडं होतं?"

"एक ते पाच. समितीसाठी खोके भरत होते ना. खोके चार. झाडं, वीज, मानवी हक्क आणि कचरा."

"आत कोण कोण?"

त्यानं डायरी काढली. मकामे तिथंच बसलेला. डॉक्टर गास्पर तेमू, हरित परिसराचे प्रमुख. प्राध्यापक एलियाइची लेमा, मानवी हक्क केंद्राच्या. आणि न्देओनान्सिया म्लाय दोन वाजता येऊन वही जागेवर आहे ना बघून गेली. मकामेनंही ती तेव्हा पाहिली. पिशवी तपासली, काही नाही.

"पाच वाजता कुलगुरूंची मोहोर लावून खोके बंद केले. मीच सभागृहात नेऊन ठेवले. अजून कंबर दुखतेय बघा बाई. झाडांचा खोका पिसासारखा, विजेचा तसाच. तो मानवी हक्कांचा उचलताना मात्र कंबरेत चमक भरली."

"बरंय, एवढं वजन आहे म्हणायचं आपल्या मानवी हक्कांना," मी म्हणाले, आणि दोघंही हसलो.

मग त्याच्या डायरीत मला एक ओळ दिसली. पाच वाजून दहा मिनिटं, डॉ. तेमू, पिशवी तपासू दिली नाही.

३

तेमू माझ्यासमोर बसला आणि रुमालानं मान पुसत राहिला.

"मी विभागप्रमुख आहे. रखवालदारानं माझ्या पिशवीत हात घालायचा?"

"एलियाइचीनं घालू दिला. ती काय कमी मोठी आहे?"

"त्यात खाजगी वस्तू होती."

"गास्पर, तुझ्या वडलांचा जमिनीचा खटला मी चालवला होता. खोटं बोलताना ते असेच मान पुसायचे. काय होतं पिशवीत?"

त्यानं रुमालाची घडी घातली. मग खालच्या मानेनं म्हणाला, "मटण."

"काय?"

"खानावळीतून दोन किलो घेतलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलं हो त्यानं! प्लास्टिकला देशभर बंदी, आणि हरित परिसराच्या प्रमुखाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. मसांजानं डायरीत लिहिलं असतं तर समितीपुढं माझी शोभा झाली असती."

खानावळवाल्याला विचारलं. त्यानं शपथेवर सांगितलं, दोन किलो, फासळीकडचं, आणि पिशवी मात्र साहेबांनीच मागून घेतली. कपाळ माझं! एक संशयित मटणात वाहून गेला.

न्देओनान्सिया तर दारातूनच तडकली. "मी माझीच वही चोरीन? शहाण्णव दिवस उन्हात बसून? आणि फोटो आहेत माझ्याकडे सगळ्या पानांचे. वर्तमानपत्राला द्यायचेच असते तर कधीच दिले असते."

"फोटो चालत नाहीत. मूळ वही लागते."

"असला नियम कुठल्या गाढवानं केला?"

"मी."

ती वरमली. मी पिशवीतून पान काढून टेबलावर ठेवलं. तिनं खुर्ची एकदम मागं सरकवली.

"मावशी, हे कपाटात होतं?"

"वहीच्या जागी."

"आणि तुम्ही उचललंत? स्वतःच्या हातानं?"

"पुरावा म्हणून उचललं."

"अहो, इसाले कुणी पुरावा म्हणून उचलतं का?"

आमच्या चग्गा लोकांत हे पान कुठलं, ते पोरालाही कळतं. घराच्या बांधावर इसाले, पुरलेल्या माणसाच्या उशाशी इसाले. आणि ज्यानं अपराध केला त्यानं इसालेचं पान गाठ मारून पुढं करायचं. समोरच्यानं घेतलं की माफी दिली. न घेण्याची सोयच नाही. भावाचा खून झालेल्या माणसालाही मी ते घेताना पाहिलंय, दात ओठ खात घेताना.

म्हणजे चोरानं चोरी केली आणि जागेवर माफी मागून गेला. आणि मी, शहाणी न्यायाधीशीण, ती देऊन बसले होते.

"कुणाला दिली, तेही ठाऊक नाही," मी म्हणाले.

"आता शोधून तरी काय करणार तुम्ही?" न्देओनान्सियानं विचारलं. "ज्याला माफ केलंत त्याला धरणार कसं?"

मी पान उचलून पुन्हा पिशवीत ठेवलं.

४

गुरुवारी सकाळी मी त्याच खोलीत त्याच भिंतीकडं बघत बसले होते. दाराबाहेर मांका आजीचा कॅन फरशीला घासल्याचा आवाज आला, मग तिची पावलं नदीच्या वाटेनं गेली. उद्या अकरानंतर ती इथं टेकायलाही येणार नव्हती.

मी पानाचा विचार केला. विद्यापीठाच्या आवारात इसाले एकही नाही. पूर्वी बांधावर ओळीनं होती, पण झाडं लावताना तेमूनं ती सगळी मुळासकट उपटून टाकली. त्या उपटण्यावरून क्यारेनीच्या म्हाताऱ्यांनी तीन दिवस चूल पेटवली नव्हती. तेमू आवारातल्या बंगल्यात राहतो, न्देओनान्सिया वसतिगृहात. मंगळवारी दुपारी कुणाच्या मनात अचानक आलं आणि त्यानं पान तोडून आणलं, असं होणं शक्य नव्हतं. पान घरून निघतानाच बरोबर आणलेलं होतं. चोरी ठरवून केलेली होती, आणि माफीसुद्धा.

मसांजाला या पानाचं काही कळत नाही, मकामेला तर तो कचराच वाटला. पान ठेवणारा माणूस चग्गा. आणि ते त्यानं कुणाच्या तरी हाती पडावं म्हणून ठेवलं होतं.

कुणाच्या? मी उठून दप्तरखान्यात गेले.

"मकामे, मी बुधवारी आले नसते तर ते कपाट कुणी उघडलं असतं?"

"मीच की. शुक्रवारी वही घेऊन सुनावणीला मीच येणार होतो. तेमूसाहेबांना, लेमाबाईंना, त्या म्लायला, सगळ्यांना मी तेच सांगितलेलं."

"आणि कपाटात ते पान दिसलं असतं तर?"

"टोपलीत टाकलं असतं. त्यात काय विचारायचं?" त्यानं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "तुम्ही बुधवारी सकाळी येणार हे मला तरी कुठं माहीत होतं? एकदम दारात उभ्या राहिलात. दचकलो ना मी."

मी कपाटाला टेकले.

पेंबाच्या माणसासाठी कुणी इसाले ठेवत नाही. ज्यानं ठेवलं त्याला पक्कं ठाऊक होतं, की कपाट सगळ्यात आधी मी उघडणार. आणि मी वही वाचायला जाणार आहे हे या जगात मी एकाच माणसाला सांगितलं होतं. सोमवारी, चहा पिता पिता.

तेवढ्यात मला मसांजाची कंबर आठवली. वही दारातून बाहेर गेली होती. पिशवीतून नाही, त्याच्या पाठीवरून.

मानवी हक्क केंद्राचं वर्षभराचं कागदोपत्री काम मला माहीत होतं. दोन भाषणं, एक फलक. त्याचा खोका उचलून दाराएवढ्या माणसाच्या कंबरेत चमक भरली होती.

५

एलियाइची लेमा आणि मी मुलींच्या शाळेत एका बाकावर बसलो. तिच्या लग्नात मी तिच्यामागं उभी होते. माझा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस ती माझ्या चुलीपाशी होती. या नोकरीसाठी माझं नाव तिनंच सुचवलं. सोमवारचा चहाही आम्ही बरोबरच घेतला होता. चारही संशयितांमध्ये मी फक्त तिला काही विचारलं नव्हतं, कारण ती मला संशयित वाटलीच नव्हती.

तिचं घर चढावर, केळीच्या बागेत. बांधावर इसाले दाटीनं वाढलेली. मी चार वाजता पोचले तेव्हा ती पायरीवर केळी सोलत बसली होती. तिनं मला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"उचललंस?" तिनं विचारलं.

"उचललं."

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. "मला वाटलंच होतं तू उचलशील. तू कुठलीच गोष्ट खाली पडू देत नाहीस."

"वही तिसऱ्या खोक्यात आहे ना?"

"तिसऱ्या. मानवी हक्क." ती कडवट हसली. "कुणीच उघडून बघणार नाही असा तो एकच खोका."

मी ओरडलेच. "का गं? पैशासाठी नाही, ते मला कळतं. मग का? आयुष्यभर तू मला हक्क शिकवलेस!"

"माझ्या केंद्राच्या वसतिगृहात चौदा मुली आहेत, हायका. बळजबरीच्या लग्नातून पळून आलेल्या. शिक्का मिळाला नाही तर सगळ्यात आधी तुमचं केंद्र बंद होईल, असं कुलगुरूंनी मला बोलावून सांगितलं. चोरायला नाही सांगितलं काही. फक्त म्हणाले, ती वही नसती तर किती सोपं झालं असतं. त्या रात्री मी चौदा जणींची नावं घोकत बसले. कुणाला परत पाठवू? सांग ना, तू न्यायाधीश होतीस. कुणाला?"

घरातून केळ्यांच्या कालवणाचा वास येत होता. मला भूक लागली होती, आणि त्याची लाज वाटत होती.

"मी वही जाळली नाही," ती म्हणाली. "त्यावर म्हाताऱ्यांचे अंगठे आहेत. शनिवारी खोके परत आले की कपाटात ठेवणार होते."

"शनिवारी क्यारेनीची तक्रार मेलेली असेल."

"माहीत आहे."

"उद्या दहाला मला अहवाल द्यायचाय. तुझं नाव लिहिता येत नाही, कारण मी तुझं पान घेतलंय. नाही लिहिलं तर त्या न्देओनान्सियाचा बळी जातो. मोहोर समितीशिवाय कुणी तोडायची नाही, म्हणून खोका मला उघडता येत नाही. काय करून ठेवलंस तू माझं!"

"मी पण आतच आहे गं, त्या खोक्यात," एलियाइची म्हणाली.

मी उठले.

"माझ्यापुरता तुझा अपराध मिटला. मी पान घेतलं, आता त्यात बदल नाही. पण पाणी माझं नव्हतं, एलियाइची. ते मी कसं माफ करू?"

तिनं बांधाकडं पाहिलं. बांधावरच्या एका रोपाचं एक पान ताजं तोडलेलं दिसत होतं, चीक अजून वाळला नव्हता. मी न वळता उतरून गेले.

६

शुक्रवारी पावणेदहाला मी कुलगुरूंना अहवाल दिला. त्यात एकच ओळ होती. वही आज समितीसमोर, सर्वांच्या देखत मिळेल.

"हा काय चावटपणा आहे?" ते म्हणाले.

"अहवाल आहे," मी म्हणाले. पण पुढं येईन असं एलियाइचीनं कुठं सांगितलं होतं? मी तेवीस वर्षांत पहिल्यांदा पुराव्याशिवाय निकाल लिहिला होता.

सभागृहात समितीचे तिघं बसले. अध्यक्षीण बाई सेनेगलहून आलेल्या, डोक्याला उंच निळं फडकं. झाडांचा खोका उघडला. तेमूनं चाळीस हजार झाडांचे फोटो दाखवले. विजेचा खोका उघडला. मी एलियाइचीकडं बघत होते, ती आपल्या हातांकडं. घड्याळात साडेदहा झाले. शेजारच्या सुनावणीच्या खोलीत क्यारेनीच्या बायका येऊन बसल्याचं ऐकू आलं.

"मानवी हक्कांचं आम्ही वाचून आलोय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "वेळ कमी आहे. तो खोका राहू द्या, एकदम कचऱ्याचा बघू."

कुलगुरू मोकळेपणानं हसले. संपलं, मी मनात म्हटलं. मांका आजीला आता काय तोंड दाखवू?

"राहू नका देऊ," एलियाइची म्हणाली.

ती उठली. मोहोर तिनं नखानं तोडली. वरची पत्रकं बाजूला सारली आणि पुठ्ठ्याची जाडजूड वही दोन्ही हातांनी बाहेर काढली.

"ही क्यारेनीच्या पाटाची वही. मंगळवारी मी चोरली. गावाच्या पाळीचं पाणी आम्ही आमच्या झाडांना पाजलं, ते हिच्यात लिहिलंय. त्याच झाडांचे फोटो आत्ता तुम्ही बघितलेत."

कुलगुरू अर्धवट उठले आणि तसेच वाकून राहिले. एलियाइची वही घेऊन शेजारच्या खोलीत चालत गेली. मी तिच्यामागं, न्देओनान्सिया माझ्यामागं, आणि मागं वळून बघते तर निळ्या फडक्याच्या बाईही दारात येऊन उभ्या.

मांका आजी पुढच्या बाकावर होती. पिवळा कॅन मांडीवर, दोन्ही हातांत. एलियाइचीनं वही माझ्या टेबलावर ठेवली आणि अंगावरच्या कापडाआडून दुसरं, ताजं पान काढलं. गाठ मारलेलं. ती आजीपुढं गुडघ्यांवर बसली आणि तिनं ते पुढं केलं.

बायकांमध्ये कुजबूज झाली आणि थांबली. सगळ्यांना माहीत होतं, आता आजीला ते घ्यावं लागणार. मला तिची कीव आली. दोन वर्षांची तहान एका पानावर सोडून द्यायची, आणि नाही म्हणायची सोय नाही.

आजीनं पानाकडं पाहिलं. मग एलियाइचीकडं.

"घेतलं असतं गं पोरी," ती म्हणाली. "पण माझे हात मोकळे नाहीत. हा कॅन धरलाय ना."

"खाली ठेव ना, आजी," कुणीतरी मागून म्हणालं.

"रिकामा कसा ठेवू? भरला की ठेवीन."

बुधवारी सकाळी माझे हात मोकळे होते, ते मला आठवलं.

मी वही उघडली. शहाण्णव पानं, एकशे ब्याण्णव अंगठे. निकाल तीन ओळींत दिला. विद्यापीठानं गावाचं पाणी घेतलं, फाटक आज उघडायचं, चावी गावाकडं राहील. कुलगुरू दारातून काहीतरी म्हणू लागले, पण निळं फडकं त्यांच्याकडं वळलं आणि ते गप्प झाले. चावी तेमूच्या खिशात होती. त्यानं मान पुसली, आणि काढून दिली.

शिक्का मिळाला नाही, हे पुढं झालं. माझं कंत्राट संपलं. एलियाइचीची नोकरी गेली. वसतिगृहाला टाळं लागलं तेव्हा चौदा मुली तिच्या घरी राहायला आल्या, आणि क्यारेनीच्या बायका आठवड्याला केळ्यांचे घड पाठवू लागल्या. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी आम्ही सगळ्या चढ चढून फाटकापाशी गेलो. एलियाइची सबंध वाटभर पान हातात धरून चालली, कुणी तिच्याशी बोललं नाही. न्देओनान्सियानं कुलूप काढलं. फाटक गंजलेलं, तिघींनी मिळून फिरवलं. पाणी आधी गढूळ आलं, पानं आणि काड्या घेऊन, मग हळूहळू निवळलं आणि गावाकडं वळलं.

मांका आजीनं कॅन पाटात धरला. भरायला बराच वेळ लागला. आम्ही उन्हात उभ्या राहिलो. तोंडापर्यंत भरल्यावर तिनं तो काठावर नीट टेकवला, ओले हात कांग्याला पुसले आणि दोन्ही पुढं केले.

"आण आता," ती म्हणाली.